उलट्या गाठीची जुडी

माघातल्या त्या रविवारी सुकेळी उलटायचं काम सकाळी दहालाच आटोपलं, तरी कोणी घरात गेलं नाही.

ऊन माडांवरून उतरून माचीवर आलं होतं. कमरेएवढ्या उंचीची बांबूची माची, तिच्यावर चटई आणि चटईवर ओळीने मांडलेली सोललेली राजेळी केळी. पहिल्या दिवशी ती पांढरी असतात, तिसऱ्या दिवशी मधाच्या रंगाची होतात आणि सातव्या दिवशी आक्रसून तपकिरी. रोज संध्याकाळी ती कापडात गुंडाळून ठेवायची, म्हणजे रात्रभर त्यांचा ओलावा त्यांच्यातच मुरतो. सकाळी पुन्हा उन्हात. घाई केली तर बाहेरून कडक होतात आणि आत कच्ची राहतात. हरिभाऊंनी हे सुनेला, स्वप्नाला, पहिल्या वर्षी सांगितलं होतं, दुसऱ्या वर्षी सांगितलं होतं आणि यंदाही सांगितलं. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या माणसाला एकच गोष्ट पुन्हा सांगताना कंटाळा येत नाही.

स्वप्ना ओट्यावर फोन घेऊन बसली होती. एक्केचाळीस. तिने आकडा पुन्हा पाहिला. सासऱ्यांनी दिवाळीत शब्द दिला होता. माघ संपायच्या आत बाहेरची चाळीस गिऱ्हाइकं आली, तर वाडीचा पुढचा अर्धा भाग लग्नाच्या लॉनसाठी द्यायच्या करारावर ते सही करणार नाहीत. राजेळीची सगळी झाडं त्याच अर्ध्या भागात होती. माघ संपायला पाच दिवस होते आणि यादीत एक्केचाळीस ऑर्डरी होत्या.

"काका आले की यादी लगेच दाखवू नकोस," देवेश म्हणाला. तो खांबाला टेकून चहा पीत होता. "आधी त्यांना बोलू दे. मग काढ."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"मी झोपेच्या बाजूने आहे. आठवड्यातून एक रविवार मिळतो, त्यात केळी उलटतोय." मग तो म्हणाला, "चाळीसच्या वर गेलीस ना? मग झालं."

त्या 'मग झालं'मध्ये त्याचं हायसं वाटणं तिला ऐकू आलं. तिच्या आधीच्या धंद्यांचा हिशेब नवऱ्याने कधी काढला नव्हता, पण घरात तो पाठ होता. पहिल्यांदा साड्या. फोनवरच्या ग्रुपांवर फोटो टाकून विकायच्या, आणि अर्ध्या साड्या रंग वेगळा दिसतो म्हणून परत आल्या. मग केक. नेमकी वीज जायची आणि आतला भाग बसायचा. मग सुगंधी मेणबत्त्या. त्यांचे साचे अजून माळ्यावर होते, आणि उरलेली कोरी खोकी तिने सुकेळ्यांसाठी वापरली होती. त्यामुळे पहिल्या सात गिऱ्हाइकांना लव्हेंडरच्या वासाची सुकेळी गेली. नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'चव उत्तम, पण खाताना देवळात बसल्यासारखं वाटतं.' त्या बाईंनी पुढच्याच आठवड्यात परत मागवली. तो संदेश स्वप्नाने जपून ठेवला होता.

आतून प्रमोदिनीबाईंचा आवाज आला. "स्वप्ना, कोठीतल्या खुंटीवरची टोपली कोणी हलवली?"

"मी, आई. मंगळवारी."

"आतली सुकेळ्यांची जुडी?"

"एक कमी पडत होती. कुरियरवाला दारात उभा होता. म्हणून तीच घातली. का हो?"

सासूबाई दारात आल्या. हात पुसायचा नॅपकिन हातात तसाच होता. त्या स्वप्नाच्या शेजारी ओट्यावर बसल्या, आणि माचीजवळ पाठमोऱ्या उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"ती विकायची नसते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हंगामातली पहिली जुडी लेकीची. या घराच्या लग्न झालेल्या लेकीला ती पोचवायची असते. माझ्या सासूबाईंच्या आधीपासून आहे हे."

"पण आपल्याकडे लेक..." स्वप्ना बोलता बोलता थांबली. या घरात एक लेक होती, एवढं तिला माहीत होतं. सुहासिनीआत्या. भिंतीवरच्या फोटोंत ती नव्हती, पण मधल्या खोलीत दोन फोटोंमध्ये एक रिकामा खिळा होता आणि तो कोणी काढला नव्हता.

"दरवर्षी हे ती जुडी स्वतः बांधतात. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. होळीपर्यंत टोपलीत राहते. मग अर्नाळ्याची मासेवाली येते, तिला देऊन टाकते मी. तीही कोणाची तरी लेक आहेच." प्रमोदिनीबाईंनी नॅपकिनची घडी घातली. "सव्वीस जुड्या दिल्या तिला. ती बिचारी समजते की चौधरीणबाई फार प्रेमळ आहे."

"मी अण्णांना सांगते. माफी मागते."

"आज नको. आज आधीच खूप आहे."

फाटकाशी रिक्षा थांबली.

*

प्रल्हादने भावासाठी विरारहून जिलबी आणली होती. पुडा वहिनीच्या हातात देऊन त्याने कराराचे कागद खुर्चीवर ठेवले आणि त्यावर चष्म्याचं घर ठेवलं, उडू नयेत म्हणून. वारा नव्हता.

"बसतोस का?" हरिभाऊंनी विचारलं.

"बसायलाच आलोय, दादा. तूही ये की. केळी काही पळून जात नाहीत."

"माशा बसतात." हरिभाऊ माचीजवळच राहिले. हातात ताडाच्या झापाचा पंखा होता.

प्रल्हादला वाडीचा राग नव्हता. लोकांना तसं वाटायचं, वहिनीलासुद्धा. तो या वाडीतच वाढला होता, याच विहिरीत पोहायला शिकला होता. पण दादा आता अडुसष्टचा होता, गुडघे धरून माचीखाली वाकायचा. केळीचा घड खांद्यावर घेऊन येताना मागच्या पावसाळ्यात पडला होता. देवेश सकाळी सहाला अंधेरीला जातो तो रात्री येतो. उद्या दादा नसेल तेव्हा ही झाडं कोण बघणार? लॉनवाला माणूस विहीर बुजवणार नव्हता, माड तोडणार नव्हता. एकवीस वर्षांनी जमीन परत मिळणार होती. यात वाईट काय होतं?

हे सगळं तो बोलला. अगदी नीट, क्रमाने, बँकेत कर्जदाराला समजावून सांगावं तसं. हरिभाऊंनी मध्ये तोडलं नाही. प्रमोदिनीबाईंनी मात्र दोनदा मान हलवली, आणि स्वप्नाने ते पाहिलं.

"त्यांचे गुडघे खरंच दुखतात," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा त्याला."

"मी काय सांगणार. मला दोन्हीकडून दिसतं."

"अण्णांनी शब्द दिला होता, काका," स्वप्ना म्हणाली. "चाळीस."

"हो, ऐकलंय ते. साडी झाली, केक झाला, मेणबत्ती झाली." प्रल्हाद हसला, पण हसण्यात धार नव्हती. "रागावू नकोस, पोरी. मी लव्हेंडरचं सुकेळं खाल्लंय, मला बोलायचा अधिकार आहे."

देवेशसुद्धा हसला. स्वप्नाने फोन पुढे केला. "एक्केचाळीस आहेत. बघा."

प्रल्हादने चष्मा लावला. पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस यादी वरून खाली वाचत नाही. त्याची नजर आधी जे पुन्हा पुन्हा येतं त्याच्यावर जाते. ठाणे, पुणे, नाशिक, डोंबिवली. तुळिंज. पुणे. तुळिंज. तुळिंज, तुळिंज. तो अंगठ्याने यादी वर सरकवत राहिला आणि मग एका नावापाशी थांबला. रोवेना तुस्कानो. इमारतीचं नाव. दुसरा मजला.

ती इमारत त्याला माहीत होती. चार वर्षांपूर्वी, सुहासिनीताईचा नवरा गेल्याचं कानावर आलं तेव्हा, तो तुळिंजच्या बाजारातून विचारत विचारत तिथे गेला होता. खाली नावांची पाटी होती. त्याने नाव वाचलं, जिन्याच्या दोन पायऱ्या चढला आणि परत फिरला. वर जाऊन काय म्हणायचं ते ठरलं नव्हतं. बाहेर येऊन त्याने उसाचा रस प्यायला आणि घरी गेला. बायकोला सांगितलं की बँकेत काम होतं.

आता तो काही न बोलता फोन परत देऊ शकला असता. मग पोरगी जिंकली असती, करार बारगळला असता, आणि ताईचं नाव याही वेळी निघालं नसतं. बोललं तर करार हातात होता. पण तो बोलला ते करारासाठी नाही, असं त्याला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं.

"यातल्या एकोणीस एकाच पत्त्याच्या आहेत," तो म्हणाला.

स्वप्नाचे कान तापले. तिला ते माहीत होतं. प्रत्येक खोक्यावर पत्ता तीच तर चिकटवत होती. बोळिंजहून निघालेलं खोकं भिवंडीला जाऊन तीन दिवसांनी तुळिंजला पोचायचं, रिक्षेने अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि तिला दर वेळी गंमत वाटायची. कधी कधी गमतीच्या खाली दुसरं काहीतरी वाटायचं, ते ती वाटू देत नसे.

"गिऱ्हाईक ते गिऱ्हाईकच ना," ती म्हणाली. "रीसेलर असतील."

"असू शकतं, काका," देवेश म्हणाला. "आजकाल असं खूप चालतं. घेतात आणि सोसायटीत विकतात."

"रीसेलर नाही."

"तुम्हाला काय माहीत?" स्वप्नाचा आवाज चढला. "खाणाऱ्या माणसांचं घर आहे ते. त्यांचा परवाच मेसेज आलाय. रीसेलर असं लिहील का, ऐका." आणि तिने वाचून दाखवलं, तक्रार आहे असं समजून दोन दिवस उत्तर न दिलेला संदेश, कारण आत्ता तोच तिच्याजवळचा एकमेव पुरावा होता.

"'नमस्कार. या वेळी आलेल्यात एक जुडी उलट्या गाठीची होती. ती कोणी बांधली, कळवाल का? आम्ही ती सोडलेली नाही.'"

माचीवरचा पंखा थांबला.

*

सोपटाची गाठ बांधायची एक रीत आहे. केळीच्या खोडाचे वाळलेले पापुद्रे काढून त्यांची दोरी करतात, तिला सोपट म्हणतात. वाळक्या पानात सुकेळी गुंडाळली की सोपटाचे दोन वेढे घ्यायचे आणि टोक उजव्या बाजूने आत सारायचं. सगळ्या वाडीत, सगळ्या आळीत गाठ उजवीकडेच येते, कारण सगळे उजव्या हाताने बांधतात.

सुहासिनी डावखुरी होती. सात वर्षांची असताना तिने बांधलेली पहिली जुडी वडिलांनी सोडून टाकली आणि म्हणाले, नीट शिक. ती शेजारी बसून हरिभाऊंच्या हातांकडे बघायची आणि तिचा गुंता व्हायचा. हरिभाऊ तेव्हा सतरा वर्षांचे होते. तीन दिवस त्यांनी विचार केला आणि चौथ्या दिवशी ते तिच्या शेजारून उठून तिच्यासमोर जाऊन बसले. "माझ्याकडे आरशात बघतेस असं बघ," ते म्हणाले. त्यांचा उजवा हात हलला की समोर तिचा डावा हलायचा. दुपारपर्यंत तिने अकरा जुड्या बांधल्या. सगळ्या गाठी डावीकडे. वडिलांनी त्या हातात घेऊन पाहिल्या, घट्ट आहेत म्हणाले आणि टोपलीत टाकल्या.

पुढे शिक्षक झाल्यावर वर्गात डावखुरं मूल आलं की हरिभाऊ खुर्ची उचलून त्याच्यासमोर जाऊन बसायचे. इतर शिक्षक विचारायचे, ही पद्धत कुठल्या पुस्तकातली. ते हसायचे.

तिने चर्चमध्ये लग्न केलं, तुस्कानोंच्या मुलाशी. तिकडच्या घरालाही ते नको होतं, म्हणून दोघं रुळांच्या पलीकडे तुळिंजला जाऊन राहिली, जिथे कोणी कोणाला ओळखत नव्हतं. वडील म्हणाले, या उंबऱ्यावर तिचं नाव घ्यायचं नाही. हरिभाऊंनी घेतलं नाही. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा घ्यायला हरकत नव्हती, पण इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य कुठलं असावं ते सुचेना. आणि जे सुचत नाही ते पुढे ढकलायची सवय माणसाला फार लवकर लागते.

म्हणून ते वर्षातून एकदा, कोठीत एकटे असताना, उलटी गाठ बांधायचे. त्यांच्या हाताला ती अवघड जायची. टोक दोनदा निसटायचं. ती एक जुडी बांधायला त्यांना दहा जुड्यांचा वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ ती समोर बसलेली असायची.

"टोपली," हरिभाऊ म्हणाले. "खुंटीवरची टोपली."

"अण्णा, मी चुकून..." स्वप्ना उभी राहिली. "मला माहीत नव्हतं. एक कमी पडत होती."

"पत्ता कोणाच्या नावाचा आहे?"

स्वप्नाने सांगितलं. हरिभाऊंनी पंखा माचीच्या कडेला ठेवला. तो घसरून खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

"ताईची मुलगी," प्रल्हाद म्हणाला. "रोवेना. दादा, मी एकदा गेलो होतो तिथे. जिन्यापर्यंत."

"कधी?"

"तो गेला तेव्हा."

"मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं असतंस का?"

प्रमोदिनीबाई उठल्या, पंखा उचलला आणि नवऱ्याच्या जागी उभ्या राहून केळ्यांवर वारा घालू लागल्या. हे त्यांनी नवऱ्याला आधार म्हणून केलं, की आपला चेहरा तिकडे असावा म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सव्वीस वर्षं त्यांनीही विचारलं नव्हतं. दोन्हीकडून दिसतं, असं त्या म्हणायच्या. आणि दोन्हीकडून दिसत असताना मधोमध बसून राहिल्या होत्या.

"म्हणजे आत्याच घेत होत्या," देवेश म्हणाला. "एकोणीस वेळा. कसं कळलं असेल त्यांना?"

"फोटो," स्वप्ना म्हणाली. सुकेळ्यांच्या ऑनलाइन पानावर तिने फक्त हातांचा फोटो टाकला होता, जुडी बांधणारे हात. चेहरा नको म्हणून अण्णांनीच सांगितलं होतं. पण उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं, लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडून. पानाला नावही 'अण्णांची सुकेळी' असं होतं. ते नख ज्याला माहीत होतं, त्याला नावाची गरज नव्हती.

मग ती खाली बसली. एक्केचाळिसातून एकोणीस वजा करायला कागद लागत नाही.

आत्यांना सुकेळी नको होती. त्यांना घर हवं होतं, आणि घर जेवढं मिळत होतं तेवढं त्या मागवत होत्या. आपला धंदा चालला, असं स्वप्ना समजत होती, तेव्हा तुळिंजच्या दुसऱ्या मजल्यावर एक बाई खोकी उघडून वास घेत होती. तोही लव्हेंडरचा.

"बावीस," ती म्हणाली. "काका बरोबर आहेत. खरी बावीसच आहेत, अण्णा. चाळीस नाहीत." तिने कागदांवरचं चष्म्याचं घर उचलून बाजूला ठेवलं. "शब्द होता."

देवेशने बायकोकडे पाहिलं. तिने साड्या परत घेतल्या तेव्हा, केक बसले तेव्हा ती रडली होती, भांडली होती, विजेला आणि गिऱ्हाइकांना दोष दिला होता. आज तिने कोणालाच दोष दिला नव्हता, आणि त्याला ते जास्त लागलं.

"अण्णा, होळीपर्यंत थांबता नाही येणार?" तो म्हणाला. "मी रविवारी करेन ना हे. शनिवारीपण करेन."

"झोपेच्या बाजूचा होतास ना," स्वप्ना पुटपुटली.

"बदलली बाजू."

प्रल्हादने कागद हातात घेतले. पेन खिशातच होतं. त्याने दादाकडे पाहिलं आणि पेन काढलं नाही.

हरिभाऊ ओट्याच्या पायरीवर येऊन बसले, स्वप्नाच्या समोर. वर्गात बसायचे तसे, गुडघ्यांवर हात ठेवून.

"बावीस खरी आहेत ना?"

"हो."

"मग बावीसच्या पुढे मोजू. चाळीस हा आकडा मी उगाच सांगितला होता. मला वाटलं होतं दहाही होणार नाहीत, आणि मग सही करताना मला वाईट वाटणार नाही." त्यांनी भावाकडे पाहिलं. "आणि सहीचं म्हणशील, प्रल्हाद, तर ही वाडी तिघांची आहे. तिसरीला विचारल्याशिवाय कागदावर काही होणार नाही. ती म्हणाली दे, तर देऊ."

प्रल्हादने कागदांची घडी केली. त्याला हरल्यासारखं वाटायला हवं होतं. "ती म्हणायची नाही दे," तो म्हणाला.

"ते तिला सांगू दे." हरिभाऊ सुनेकडे वळले. "तुळिंजची कुठली ऑर्डर जायची राहिली आहे?"

"कालची एक आहे. उद्या पाठवणार होते."

"ती रद्द कशी करायची?"

"रद्द?" स्वप्नाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अण्णा, आत्यांना काय वाटेल?"

"कर रद्द. रद्द करताना कारण लिहायला जागा असते का?"

"असते. माल संपला, पत्ता चुकीचा, असे पर्याय असतात. शेवटी 'इतर' असतं. त्यात लिहिता येतं."

"मग 'इतर' घे," हरिभाऊ म्हणाले. "मी सांगतो तसं लिही. आणि मला थोडं सोपट दे. भिजवलेलं."

*

तुळिंजच्या त्या दुसऱ्या मजल्यावर दुपारची भाजी विकणाऱ्याची हाक वर येत होती. रोवेना नुकतीच चर्चमधल्या मिस्साहून आली होती आणि ओढणी काढता काढता फोन बघत होती.

"आई, तुझी ऑर्डर कॅन्सल झाली."

सुहासिनी खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. तिचा डावा हात ताटात तसाच राहिला. "कोणी केली?"

"त्यांनीच."

कपाटाच्या वरच्या फळीवर अठरा खोकी एकावर एक ठेवली होती. त्यातली सोळा उघडलीच नव्हती. मधुमेह झाल्यापासून तिला एका वेळी अर्धं सुकेळंही चालत नव्हतं. रोवेना चिडायची, उघडलेल्यातली ऑफिसात वाटून यायची, परत म्हणायची, आई, आता पुरे. पण खोकं आलं की सुहासिनी आधी पत्त्याची चिठ्ठी वाचायची. पाठवणाऱ्याच्या जागी बोळिंज लिहिलेलं असायचं. पूर्वी घरून कोणी काही पाठवलं की असंच वाटत असेल, असं ती मनात म्हणायची. मग आठवायचं की हे पाठवलेलं नाही, मागवलेलं आहे.

परवा ती उलटी गाठ दिसली तेव्हा तिने रोवेनाला लगेच लिहायला लावलं होतं. दोन दिवस उत्तर नव्हतं. आता हे.

आपण विचारायला नको होतं. मुकाट्याने घेत राहिलो असतो, तर घेता आलं असतं. तिने तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. ती जुडी देव्हाऱ्याशेजारी, येशूच्या चित्राखाली होती. तिने ती हातात घेतली आणि गाठीवरून बोट फिरवलं. गाठ सैल होती. उजव्या हाताने बांधलेली उलटी गाठ सैलच बसते.

"थांब, काहीतरी लिहिलंय," रोवेना म्हणाली. "कॅन्सल केल्याचं कारण."

"माल संपला असेल."

"नाही. मराठीत लिहिलंय." तिने आईकडे फोन दिला. "तूच वाच."

सुहासिनीने चष्मा शोधला. तो कपाळावरच होता. तिने वाचलं आणि मग सावकाश, एकेका शब्दावर थांबत, पहिलीतल्या मुलीसारखं पुन्हा वाचलं.

'लेकीची जुडी विकत द्यायची नसते. आणून द्यायची असते. निघालो आहोत. हरिदादा.'

खाली भाजीवाला दुसऱ्या गल्लीत गेला. रोवेनाने कपाटाकडे पाहिलं आणि वरची खोकी उतरवून पलंगाखाली सारायला लागली.

"राहू दे," सुहासिनी म्हणाली. "बघू दे त्याला." मग ती उठली, चुलीजवळ गेली, परत आली. हातात अजून जुडी होती. "बोळिंजहून रिक्षेने यायला किती वेळ लागतो गं?"

"अर्धा तास. तूच तर सांगतेस नेहमी, मी लहान असल्यापासून."

"हो," सुहासिनी म्हणाली. "पूल मोकळा असला तर."

आणि ती दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसली. समोर दुसरी खुर्ची ओढून ठेवली, अगदी समोर, शेजारी नाही.